गावातल्या बायकांसाठी नेतृत्व कार्यक्रम चालवताय? मग तो ग्रामसभेच्या तारखेला बांधा

नेतृत्व विकास प्रशिक्षण म्हटलं की आपल्याकडे चित्र ठरलेलं आहे. तालुक्याच्या गावी हॉल, मागे फ्लेक्स, दीपप्रज्वलन, दोन-तीन पाहुण्यांची भाषणं, जेवण, हजेरीपटावर सह्या आणि चारची एसटी पकडायची घाई. बायका येतात, मनापासून ऐकतात, वहीत लिहूनही घेतात, आणि पुढच्या ग्रामसभेला त्यातली एकही दिसत नाही. मग आपण म्हणतो की बायकांनाच इंटरेस्ट नाही. मला हे अजिबात पटत नाही, कारण ह्याच बायका बचत गटात दर महिन्याला हजारोंचा हिशोब ठेवतात, बँकेत जाऊन मॅनेजरशी बोलतात, थकलेल्या कर्जाची वसुली करतात. शिकलेलं वापरायला जागाच नसते कार्यक्रमात, हे खरं दुखणं आहे.

महाराष्ट्रात पंचायतीत बायकांना ५० टक्के आरक्षण मिळालं २०११ मध्ये, त्याआधी ३३ टक्के होतं. उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) ह्यांच्यामुळे गावोगाव बचत गट आहेत, गटांचे मिळून ग्रामसंघ आहेत. म्हणजे खुर्ची आहे, संघटना पण आहे, आणि तरी बऱ्याच गावात सरपंच ताई आणि कारभार तिच्या नवऱ्याचा, हे चालूच आहे. खाली जे लिहितोय ते संस्थांचे कार्यकर्ते, सीआरपी ताया (गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्या), ग्रामसंघाच्या पदाधिकारी आणि गावात राहूनच काही करू बघणारे, ह्या सगळ्यांसाठी आहे. सगळ्याचा गाभा एकच, की कार्यक्रमाचं वेळापत्रक ग्रामसभेच्या तारखेवरून उलटं मोजत बनवा. आपल्याकडे कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि बहुतेक ठिकाणी त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. यातली एक तारीख पकडा, तिच्या आधीचे दोन-अडीच महिने हा तुमचा पहिला टप्पा.

आधी माणसं निवडा, आणि घाई करू नका

सगळ्यात सोपं असतं ते म्हणजे ग्रामसंघाच्या अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्षांना फोन करून "दोन जणी पाठवा" म्हणणं. मग प्रत्येक ट्रेनिंगला त्याच दोन जणी येतात, आरोग्याचं असो नाहीतर शेळीपालनाचं. त्या हुशारच असतात, पण त्यांच्यावर सगळं लादलं की त्या थकतात आणि बाकीच्या म्हणतात "ते काम त्यांचंय".

एका गावातून पाच ते सात जणी घ्या. एकटी बाई प्रशिक्षणातून परत गेली की घरात चार जणांचे चार टोमणे ऐकून गप्प बसते, पाच जणी असल्या की एकमेकींना धरून राहतात. पाणी फाउंडेशनने २०१६ साली वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव ह्या तीन तालुक्यांत वॉटर कप ही जलसंधारणाची गावांमधली स्पर्धा सुरू केली तेव्हा गावागावातून मोजक्या लोकांची टीम निवासी ट्रेनिंगला नेली होती आणि शिकून आल्यावर ४५ दिवसांची स्पर्धा, म्हणजे शिकलेलं लगेच शिवारात उतरवायचं. कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव त्या वर्षी पहिलं आलं. त्या पद्धतीतल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात, गावातून टीम घेणं, आणि शिकणं व करणं यात गॅप न ठेवणं.

निवडताना वस्त्या बघा. गावठाणातल्या, मळ्यातल्या, दलित वस्तीतल्या, धनगरवाड्यातल्या, तांडा असेल तर तांड्यावरच्या. सगळ्या एकाच आळीतल्या घेतल्या तर प्रश्न पण त्याच आळीचे येणार. बोलक्या बायका घ्याच, पण एखादी अशीही घ्या जी मीटिंगला दर वेळी येते, काही बोलत नाही आणि शेवटपर्यंत बसते. तिला सगळं माहीत असतं.

आणि घरी जा. हे काम कुणाला करायचं नसतं कारण वेळ खातं, पण सासूबाईंशी अर्धा तास बसून बोललात, चहा घेतलात, "आत्या, सूनबाईंना महिन्यातून दोनदा दुपारी पाठवाल का" असं सरळ विचारलंत तर पुढच्या कितीतरी अडचणी तिथंच संपतात. नवऱ्याला पण सांगा कुठे, किती वाजेपर्यंत, कोण सोबत. पत्रक पाठवून हे होत नाही.

वेळ आणि जागा

सोयाबीन काढणीत, कांदा लागवडीत ट्रेनिंग ठेवू नका. बीड, नगरच्या ऊसतोडीच्या पट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर अर्धं गाव कारखान्यावर गेलेलं असतं, तिथे पहिला टप्पा पावसाळ्यातच धरा आणि १५ ऑगस्टची ग्रामसभा टार्गेट करा. दुपारी साडेबारा ते साडेतीन ही वेळ बहुतेक गावात चालते, पण ठरवायची त्यांनीच. पहिल्या बैठका गावातच घ्या, मंदिराचा सभामंडप नको जिथे काही जणींना यायला संकोच वाटतो, शाळा किंवा अंगणवाडी बघा. लहान पोरं येणारच, त्यांना सांभाळायला एक मुलगी ठेवा आणि तिला पैसे द्या. संडासची सोय आहे का ते आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा.

विषय तुम्ही ठरवून नेऊ नका

पहिल्या बैठकीत लेक्चर नको. गावाचा नकाशा काढायला लावा, जमिनीवर, रांगोळीने. वही-पेनाला घाबरणारी बाई पण रांगोळी हातात घेतली की सरसावते, आणि विहीर कुठे, हापसा कुठे बंद पडलाय, अंधार कुठल्या बोळात, अंगणवाडी कुणाला लांब पडते हे सगळं आपोआप बाहेर येतं. मग सगळ्यांनी मिळून गावफेरी करा, वस्त्यांमधून चालत जा. गावात जन्म काढलेल्या बायका सांगतात की ह्या वस्तीत मी आज पहिल्यांदा आले.

यादी मोठी होईल. त्यातून एकच प्रश्न निवडायचा आणि निवडताना तीन गोष्टी तपासा. तो सोडवायचा अधिकार ग्रामपंचायतीकडे आहे का, तो दोन-तीन महिन्यांत सुटू शकतो का, आणि तो सुटला तर एकापेक्षा जास्त वस्त्यांना फरक पडेल का. बंद स्ट्रीटलाइट, नळाला पाणी येण्याची वेळ, गटारीचं तुंबणं, अंगणवाडीचा बिघडलेला वजनकाटा, सार्वजनिक संडासचं तुटलेलं दार. छोटं वाटेल, पण जिंकणं महत्त्वाचं आहे, पहिला प्रश्न सुटला की बाईची चालच बदलते.

दारूचा विषय निघेलच, निघतोच. तो खरा आहे आणि दुखरा आहे, तरी पहिला प्रश्न म्हणून तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. लायसन्सवालं दुकान बंद करायचं तर आधी २५ टक्के महिला मतदारांची लेखी मागणी लागते, मग आडवी बाटली (दुकान बंद)-उभी बाटली (चालू) असं गुप्त मतदान होतं आणि त्यात गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. एकूण मतदारांपैकी, फक्त मत द्यायला आलेल्यांपैकी नाही, हे नीट लक्षात घ्या. त्याला घरोघरची बांधणी लागते. अवैध दारू असेल तर तो पोलिसांचा विषय आणि तिथे धमक्या येतात. वर्षभर एकत्र काम केलेल्या गटाने हे घ्यावं, नव्या गटाला त्यात ढकलू नका.

कौशल्यं: कोणती आणि कशी

पहिलं कौशल्य म्हणजे बोलणं. सुरुवात स्वतःच्या नावापासून. "मी अमक्याची मालकीण" किंवा "तमक्याची आई" अशी ओळख देणाऱ्या खूप जणी असतात, त्यांना स्वतःचं पूर्ण नाव, वस्ती, गटाचं नाव मोठ्याने सांगायला लावा, उभं राहून. मग एक मिनिटात प्रश्न मांडायचा: मी कोण, अडचण काय, किती घरांना आहे, आमची मागणी काय. एवढंच. भाषण नको. हे चार-पाच वेळा झालं की मुद्दाम अडथळे घाला, एकीने सरपंच व्हायचं, एकीने भाऊसाहेब (ग्रामसेवक), दोघी-तिघींनी मागून ओरडायचं "ए बसा खाली, काय कळतंय तुम्हाला". खूप हसतात सगळ्या, पण खऱ्या सभेत तेच वाक्य आल्यावर पाय लटपटत नाहीत. माइक मिळाला तर माइकवर सराव घ्या, स्वतःचा आवाज भोंग्यातून पहिल्यांदा ऐकणं हा मोठा धक्का असतो आणि तो सभेच्या दिवशी बसू नये.

दुसरं, कागद वाचणं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन. सुरुवात बजेटपासून करू नका, स्वतःच्या घरापासून करा. प्रत्येकीने ग्रामपंचायतीतून आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीची नक्कल, काढून आणायचा. त्यावर कुणाचं नाव आहे? बहुतेक वेळा सासऱ्याचं नाहीतर नवऱ्याचं. घराच्या नोंदीत नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावावं असा शासनाचा निर्णय २००३ चा आहे, आणि तरी कितीतरी घरांवर ते लागलेलं नाही. उतारा मागायला ऑफिसात जाणं हाच एक धडा, अर्ज लिहिणं दुसरा, आणि नाव लागलेला उतारा हातात येणं हे जे आहे ना, ते दहा व्याख्यानांनी होत नाही. हा विषय घरात बोलावा लागतो म्हणून कुणावर जबरदस्ती करू नका, जिला जमेल तिने पुढे जावं, बाकीच्या बघून येतात.

त्यानंतर अंदाजपत्रक, म्हणजे नमुना १. त्यात तीनच गोष्टी शोधायला शिकवा. गावाचं स्वतःचं उत्पन्न किती, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे. त्यातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, ते कशावर झाले. आणि केंद्राकडून येणारे वित्त आयोगाचे पैसे, त्यात बंधित (ठरलेल्या कामांसाठीच) किती, अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे) किती. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, म्हणजे "पैसेच नाहीत" हे उत्तर पाण्याच्या प्रश्नाला देताना कुणी देत असेल तर पुढचा प्रश्न काय विचारायचा ते बायकांना लगेच सुचतं. गावाच्या आराखड्यात काय धरलंय ते ई-ग्रामस्वराज ह्या सरकारी पोर्टलवर, मोबाइलवरही दिसतं, कॉलेजला जाणाऱ्या एखाद्या मुलीला सोबत बसवा. लिहिता-वाचता न येणाऱ्या ताई असतील तर त्यांची जोडी वाचणारीशी लावा. आकडे त्यांच्या डोक्यात पक्के राहतात, वही लागत नाही.

तिसरं, अर्ज. दोन प्रती, एकावर पोच, म्हणजे शिक्का, सही, तारीख. तोंडी तक्रार म्हणजे तक्रारच नाही हे पहिल्या दिवसापासून सांगा. माहिती अधिकार पण शिकवा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, दारिद्र्यरेषेखालील माणसाला फी नाही. पण आधी साधा अर्ज, मग स्मरणपत्र, मग माहिती अधिकार, ही पायरी पाळा, नाहीतर गावात उगाच वैर वाढतं आणि ग्रामसेवक पहिल्याच झटक्यात दार बंद करतो. (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात भाऊसाहेबच म्हणतात.) त्यांना सुरुवातीलाच भेटा, एका सत्राला बोलवा, दप्तर त्यांनीच समजावून सांगावं. बऱ्याच जणांना आवडतं, कारण त्यांना त्यांचं काम कुणी इतक्या आस्थेने विचारत नाही.

ग्रामसभेच्या आधीचे दहा दिवस

सभेची नोटीस सात दिवस आधी निघायला हवी. ती लागली का ते बोर्डावर जाऊन बघायचं काम एकीला द्या आणि विषयपत्रिकेचा फोटो काढा. तुमचा विषय आधीच लेखी देऊन ठेवा म्हणजे "ऐनवेळचे विषय" मध्ये शेवटी ढकलला जात नाही.

ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यातच आहे. प्रत्यक्षात ती कागदावर होते, गटाच्या बायकांच्या सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात आणि संपलं. तुमच्या कार्यक्रमाची खरी परीक्षा इथेच घ्या, महिला सभा खरोखर भरवा. दवंडी, व्हॉट्सअॅप ग्रुप, अंगणवाडी ताई, आशा ताई, सगळे मार्ग वापरा. तिथे ठराव नीट शब्दांत लिहून काढा, सूचक कोण, अनुमोदक कोण ते ठरवा. आणि एक नियम कडक ठेवा, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या रजिस्टरवर कुणीही सही करायची नाही, समोर कितीही जवळचा माणूस असो.

सभेच्या दिवशी एकत्र निघा. एकेकटीने गेलं की दाराजवळच्या पुरुषांच्या घोळक्यातून आत जायचा धीर होत नाही आणि मग मागे शाळेच्या भिंतीला टेकून उभं राहायचं होतं. आधीच जाऊन पुढे बसा. कामं वाटलेली असू द्या: एक बोलणार, तिचं बोलणं तुटलं तर दोघी पुढचं बोलणार, आणि एकीचं लक्ष फक्त प्रोसिडिंग बुकवर (ठराव लिहायचं रजिस्टर). ठराव झाला असं तोंडी सांगितलं की ती उठून म्हणणार, "भाऊसाहेब, लिहिलेलं वाचून दाखवा". सुरुवातीला मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला सांगा, अर्धी गंमत तिथेच कळते.

कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, गावातल्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि त्याच विषयांवरच्या तहकूब सभेला परत कोरम लागत नाही. इथे फार गावात फसगत होते, तहकूब झाली म्हणून बायका घरी जातात आणि नंतरच्या सभेत वीस-पंचवीस माणसं सगळं मंजूर करून मोकळी होतात. म्हणून तहकूब सभेची तारीख-वेळ तिथेच विचारून घ्या आणि त्या दिवशी सगळ्या जणी परत या. खरं तर त्या सभेला जास्त महत्त्व द्या.

मधल्या दिवसांत गट तुटतो, तिकडे लक्ष द्या

ठराव झाला म्हणजे काम झालं नाही. पुढचा महिना-दोन महिने पाठपुरावा, आणि नेमकी तेव्हाच माणसं गळतात. पंधरा दिवसांतून एकदा तासभर भेटायचंच, विषय असो नसो. दर वेळी मीटिंग चालवणारी वेगळी. ऑफिसात जाणारी जोडी पण दर वेळी वेगळी, नाहीतर एकीचंच नाव होतं आणि रुसवे सुरू होतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर लांब मेसेज टाकू नका, व्हॉइस मेसेज टाका, आणि हेही विचारा की फोन कुणाच्या हातात असतो, कारण बऱ्याच घरात तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. त्या ग्रुपवर घरात ऐकू जाऊ नये असं काही बोलायचं नाही.

कुणी दोन वेळा आली नाही की तिसऱ्या वेळी घरी जा. रागवायला नको, विचारायला. कधी सासू आजारी असते, कधी नवऱ्याला पारावर कुणीतरी टोचून बोललेलं असतं, कधी गटातच कुणी लागट बोललेलं असतं. फोटो, बातमी, स्टेटस ह्याला तिची परवानगी घ्या, पेपरात फोटो आला म्हणून घरात रात्रभर भांडण झालं असं होऊ शकतं.

प्रगती मोजायला हजेरीपट पुरत नाही. एका वहीत एवढं लिहा: किती जणी सभेत पहिल्यांदा बोलल्या, किती अर्जांना पोच मिळाली, किती ठराव लिहिले गेले, त्यातल्या किती ठिकाणी प्रत्यक्ष काम झालं, आणि बोलणाऱ्या कुठल्या वस्तीतल्या होत्या. शेवटचा रकाना सोडू नका. दर वेळी ठरावीक घरातल्याच बोलत असतील तर तुमच्या कार्यक्रमात गावातली जुनीच उतरंड चालू आहे आणि ती मोडायला पुढच्या वेळी संधी कुणाला द्यायची ते तुम्हाला ठरवावं लागेल.

अभ्यास गट

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना माहीत असते. ते गाव निर्णय सर्वसहमतीने घेतं हेही माहीत असतं. पण त्यामागे अभ्यास गट आहे हे कमी बोललं जातं. तिथे बसून गावकरी आणि बाहेरची जाणकार माणसं एखादा विषय खोदून समजून घेतात, जंगलाचे कायदे असोत की अजून काही, आणि तिथे निर्णय घेत नाहीत. निर्णय ग्रामसभेतच. हे वेगळं ठेवणं फार शहाणपणाचं आहे, कारण निर्णयाचं दडपण नसलं की माणूस "मला हे कळलं नाही" असं म्हणू शकतो. पहिला प्रश्न सुटल्यावर महिन्यातून एक अशी बैठक सुरू करा, एक विषय, एक कागद, दोन तास. पुरुषांना आणि पोरांना पण बोलवा.

पुढची शिडी

सगळ्यांनी निवडणूक लढवावी असं नाही. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, तिथून सुरुवात चांगली होते कारण शाळेच्या विषयाला गावात विरोध कमी. मग गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीत. मग ज्यांना वाटेल त्यांनी वॉर्डातून उभं राहावं. आधी पद भूषवलेल्या माजी सरपंच ताईंना, ज्यांची सीट आरक्षण फिरल्यावर गेली आणि ज्यांना नंतर कुणी विचारत नाही, त्यांना ट्रेनर म्हणून बोलवा. बीडीओपुढे (गटविकास अधिकारी) कसं बोलायचं, कुठल्या टेबलावर फाइल अडकते हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही, आणि मानधन पाहुण्यांइतकंच द्या.

सरपंच ताई स्वतः तुमच्या गटात असतील तर त्यांच्या घरच्यांशी भांडत बसू नका. मासिक सभेत त्यांच्या शेजारी दोन जाणत्या सदस्य ताई बसतील असं बघा, विषयपत्रिका आदल्या दिवशी एकत्र वाचा. नवऱ्याने मध्ये उत्तर दिलं तर शांतपणे "आम्ही सरपंच ताईंना विचारलंय" एवढंच म्हणायचं, दर वेळी, आवाज न चढवता. काही महिन्यांनी तेही मागे सरकतात, सगळे नाही, पण बरेच.

संस्थेने कधी बाजूला व्हायचं हे पहिल्याच महिन्यात सांगून टाका. चार ग्रामसभा, म्हणजे एक वर्ष, हा हिशोब ठीक वाटतो: पहिल्या सभेला तुम्ही सोबत बसा, दुसरीला मागे बसा, तिसरीला फक्त आदल्या दिवशी तयारीला जा, चौथीला जाऊच नका, फोनवर ऐका काय झालं ते. आणि जायच्या आधी गावात एक फाइल तयार करून ठेवा, त्यात सगळ्या अर्जांच्या पोच, ठरावांच्या नकला, आराखड्याची प्रत, बीडीओ ऑफिस आणि ग्रामपंचायतीचे नंबर. एक सेट ग्रामसंघाच्या सचिवांकडे, एक सेट दुसऱ्या वस्तीतल्या ताईंकडे, आणि दर ग्रामसभेआधी दोन्ही फाइली एकत्र बसून जुळवून बघायच्या.